सुमनची गाडी डावीकडे ओढते

या, आत या. उंबऱ्यात उभ्यानं ऐकायची का गोष्ट? जवळ बसा, आणि तो मोबाईल आधी उलटा ठेवा. चार महिन्यांनी तोंड दाखवता आणि नजर त्यातच.

दामूभावोजींचं सांगते. आमच्या शिरगावात, माझ्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहतात. जन्मभर अंबरनाथच्या एका कारखान्यात वायरमन होते, त्यामुळे वायर नसलेल्या वस्तूवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. काहीही दाखवा, विचारणार, "हिचं दुसरं टोक कुठंय?" माझ्या भाचीला फोनवरून स्थळ आलं, तर म्हणाले, दुसरं टोक बघून या आधी. गेलो, तर मुलाचं लग्न झालेलं, मूल रांगतंय.

भावोजींचा मुलगा पुण्याला गेला, तेव्हा त्याचा कॉम्प्युटर आणि गेमचे हातात धरायचे दोन कंट्रोलर मागं राहिले. एक वायरचा, एक बिनवायरचा. मग काय, भावोजी आणि त्यांची बायको सुमन रोज दुपारी चारला मोटारींची शर्यत लावायचे. गाडी आपोआप धावते, अंगठ्यानं एक बुटकी दांडी ढकलून नुसती वळवायची; कुठं धडकली की कंट्रोलर हातात थरथरतो. मैदान गोल, सगळी वळणं डावीकडे. भावोजींची वायर हॉलभर आडवी, मी दोनदा पडलेय. सुमन बिनवायरचा घेऊन झोपाळ्यावर, मांडीवर मेथीची जुडी. भावोजी म्हणायचे, तुझं सगळं हवेत. ती म्हणायची, आणि तुम्ही दाव्याला बांधलेले. वर जिंकायचीही तीच.

गेल्या वर्षी सुमन गेली.

त्यानंतर एका दुपारी मी अळूवड्या द्यायला गेले. दार उघडंच होतं. स्क्रीनच्या वरच्या अर्ध्यात भावोजींची निळी गाडी. खालच्या अर्ध्यात सुमनची पांढरी, आणि ती चालली होती. वळत होती. झोपाळ्यावर कोणी नाही, नुसता कंट्रोलर पडलेला. पांढरी गाडी कठड्याला घासली, तसा तो घुर्र करून थरथरला आणि झोपाळ्याची कडी किणकिणली. भावोजी हळूच म्हणाले, "सावकाश गं."

वड्या तिथंच ठेवून मी पळाले.

दुसऱ्या दिवशी ते हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले. त्यांची किल्ली माझ्याकडे असते. मी कंट्रोलर पिशवीत घातला आणि थेट उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात एका सिंधी दुकानदाराकडे दुरुस्तीला टाकून आले. बिघाड असेल तर निघेल, भूत असेल तर तिथंच राहील.

ते परत आल्यावर त्यांना हे सांगितलं, तर आधी जाऊन रिकामा झोपाळा चाचपला.

"भूत नाही हो वहिनी. सुमननं डावीकडे दाबून दाबून ती दांडी झिजवलीय. आता हात न लावताही डावीकडे ओढते. रोज मीच चालू करून ठेवतो. तिच्या अंगठ्याचं तेवढंच उरलंय माझ्याकडे. त्यानं नवी बसवली तर?"

तसेच रिक्षात बसलो. भावोजी चप्पल घालायचं विसरले होते.

दुकानात कंट्रोलर उघडून पडलेला, दुकानदाराच्या चिमट्यात नवी दांडी. म्हणाला, "साईं, पुराना पूरा घिस गया है. नया डालता हूँ, मक्खन चलेगा."

भावोजींनी हात जोडले. "घिसा हुआ ही चाहिए."

त्यानं एकदा त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि जुन्यावरच स्क्रू आवळले.

घरी आल्या आल्या त्यांनी कंट्रोलर झोपाळ्यावर ठेवला. पांढरी गाडी निघाली, डावीकडे वळली. माझ्या अंगावर पुन्हा काटा. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी वायरचा कंट्रोलर माझ्या हातात दिला. सुट्टीत आलेल्या मुलालाही हात लावू देत नसत त्याला.

"तुम्ही चालवा, वहिनी. इतकी वर्षं मी माझ्याच अर्ध्यात बघत बसलो. ती कशी चालवते, ते पाहिलंच नाही कधी."

तेव्हापासून रोज चारला मी चालवते आणि रोज हरते. भावोजी पांढऱ्या गाडीवरची नजर काढत नाहीत. कडी वाजली की मला अजून घाम फुटतो. म्हणून म्हणते, पुन्हा लवकर या, मला तेवढीच सोबत. चारच्या आत या. बसायला खुर्ची देईन, झोपाळ्यावर तेवढं बसू नका.