मराठी पुस्तके खाली

कन्नड मुलखातल्या आमच्या भागातलं सार्वजनिक वाचनालय नूतनीकरणासाठी दोन वर्षं अकरा महिने बंद होतं, आणि तेवढाच काळ एक खुनी मोकाट होता. त्याचं नाव एका रहस्यकथेच्या उत्तरार्धात होतं. माझे आजोबा वासुदेवराव, चिकपेट बाजारातले निवृत्त साडीवाले, यांनी पूर्वार्ध परत करून उत्तरार्ध मागितला, तेव्हा "उद्या या" असं उत्तर मिळालं. उद्या कुलूप होतं. "शमिके, खुनी कळल्याशिवाय मी काही जायचा नाही," असं ते तेव्हापासून म्हणतात. वय चौऱ्याऐंशी.

पुनरारंभ झकास झाला. एसी, आपोआप उघडणारं दार, पुस्तकचोर पकडणारं गेट, आणि मधोमध फायबरचं सात फुटी पुस्तक. त्याचं पान उलटत नाही; त्याच्यासमोर सेल्फी काढायचा असतो. सगळी रांग तिथेच. मी दहावीत आहे आणि नुकतीच वक्तृत्वात पहिली आले आहे, म्हणून काउंटरवर मीच पुढे झाले.

"मराठी?" ग्रंथपाल पवनकुमारांनी कॉम्प्युटर पाहिला. "शून्य."

"अण्णा, तुमच्या मागेच कपाट आहे. काचेतून दिसतायत की पुस्तकं!"

"दिसतात, सरी, बरोबर. पण नाहीत."

कपाटावर आजोबांच्याच अक्षरातली जुनी चिठ्ठी होती: 'मराठी पुस्तके खाली'. वरच्या कप्प्यांत हिंदी, खालच्यांत मराठी, एवढाच तिचा अर्थ. मोजणीला आलेल्या माणसाला हिंदी आणि कन्नड येत होतं, आणि दोन्हींत खाली म्हणजे रिकामं. त्याने न वाकता नोंद केली.

"मग आता नोंद करा ना!"

"नोंदीला खरेदी लागते, नाहीतर देणगी. ही पुस्तकं दोन्ही नाहीत."

"आणि मी एखादं उचलून नेलं तर?"

त्यांनी नियमावली स्वल्प चाळली. "न्या की. गेट फक्त असलेल्या पुस्तकांना ओरडतं."

मी उत्तरार्धाकडे झेपावले, तर आजोबा म्हणाले, "आधी पूर्वार्ध. नऊ संशयित होते, मला तीनच आठवतात."

"मग दोन्ही घेऊ!"

"एका वेळी एकच पुस्तक. नियम आहे."

नसलेल्या पुस्तकांनाही नियम लावणारा माणूस. काय करणार? पूर्वार्ध नेला. गेट गप्प.

आठवड्याने परत करायला गेलो, तर पवनकुमार घेईनात. नसलेलं पुस्तक परत कसं येईल? देणगी म्हणून मात्र येऊ शकत होतं. लगेच सत्कार ठरला. मराठी मंडळ झाडून हजर. आजोबांना शाल, हार आणि डोक्यावर म्हैसूर पेटा. कॉम्प्युटरवर मराठी: एक.

मला राहवेना. मी माईक घेतला. "बंधुभगिनींनो, मार्ग सापडला आहे! प्रत्येकाने पाच पुस्तकं घरी न्यावीत आणि देणगी म्हणून परत आणावीत! मराठी वाचवा!"

टाळ्या थांबेनात. वीस मिनिटांत तीनशे बारा पुस्तकं फायबरच्या पुस्तकासमोर फोटो काढून गेटबाहेर गेली. आजोबांचा पेटा डोळ्यांवर आला होता. तो वर सारून त्यांनी पाहिलं, तोवर उत्तरार्ध गेला होता.

याला चार महिने झाले. परत आलेली पुस्तकं: शून्य. विचारलं की सगळे म्हणतात, "वाचतोय गं!" मंडळातल्या विद्याकाकू तेवढ्या खरं बोलल्या. "अगं, हॉलमध्ये इतकी शोभतात! आणि तुझ्या भाषणाने मला रडूच आलं होतं."

चिठ्ठी अजून कपाटावर आहे. आता ती हिंदी आणि कन्नडमध्ये बरोबर आहे; चुकली फक्त मराठीत.

आजोबा पंच्याऐंशीचे झाले. देणगीतलं एकमेव मराठी पुस्तक, म्हणजे पूर्वार्ध, ते चौथ्यांदा घरी आणून वाचतायत. आता नऊच्या नऊ संशयित पाठ आहेत.

तेव्हा जरा उठा. तुमच्या हॉलमधलं काचेचं कपाट उघडा. पहिल्या पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का असलेलं आणि पुढचं एकही पान न उलटलेलं एखादं पुस्तक तिथे असेलच.

आमचा खुनी तुमच्या घरी आहे.