पोपटी नवरी

शताभिषेकमच्या, म्हणजे ऐंशी पूर्ण झाल्याच्या सोहळ्याच्या सकाळी मांडवाच्या दारातल्या फोटोवरचा पडदा सबेशननी स्वतःच्या हाताने ओढला, आणि वाजंत्रीवाले सोडून सगळे गप्प झाले.

फोटो त्यांच्याच लग्नाचा होता. मूळचा काळा-पांढरा. बायकोला चकित करायचं म्हणून सबेशननी महिनाभर संगणकासमोर बसून तो रंगवला होता. एकूण एक रंग मी निवडलाय, त्या सॉफ्टवेअरला मध्ये तोंड घालू दिलं नाही, असं ते येईल त्याला सांगत होते. फोटोतली नवरी, म्हणजे मंगळांबाळ, नखशिखांत पोपटी साडीत उभी होती. कपाळावरचं कुंकूही पोपटी होतं.

मुहूर्ताची साडी अरक्कू, म्हणजे लाखेसारखी गर्द तांबडी असते, हे कुंभकोणममधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि सबेशन तर रेशमी साड्या विकता विकता ऐंशीचे झालेले. गावातल्या निम्म्या नवऱ्या त्यांच्या दुकानातून साडी घेऊन बोहल्यावर चढल्या होत्या.

खरी गोष्ट आता एकट्या सबेशनना माहीत होती. तांबडा आणि हिरवा यांतला फरक त्यांना जन्मात कधी दिसला नव्हता. दुकानातला जुना नोकर मुरुगय्यन साडी उलगडता उलगडता तिचे रंग पुकारायचा, आणि सबेशन गादीवरून तेच शब्द ठसक्यात पुन्हा म्हणायचे. काय नजर आहे, म्हणून गिऱ्हाईक खूश. मुरुगय्यन गेल्या वर्षी वारला, आणि संगणक मेला मुका. सॉफ्टवेअरने आपल्या अकलेने साडीला जो रंग दिला तो सबेशनना मळकट वाटला. त्यांनी तो बदलून उजळ केला. मग साडीला साजेसं कुंकूही केलं. छापणाऱ्याने फोनवर चाचरत विचारलं होतं, रंग एकदा बघून घेता का म्हणून. तू मला रंग शिकवणार का, असं म्हणून सबेशननी फोन ठेवला होता.

म्हाताऱ्याची गंमत म्हणून हेही निभावून गेलं असतं. पण धाकटी मेहुणी त्रिपुरा चष्मा लावून पुढे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली, "अक्का, पोपटी तर ती मायावरमची कोकिला नेसायची ना गं?"

कोकिला म्हणजे जिला बघायला जाऊन सबेशन आधी सोज्जी-बज्जी, म्हणजे शिरा नि भजी, खाऊन आले होते ती मुलगी. पत्रिका जुळली नाही म्हणून ते स्थळ फिसकटलं होतं. मंगळांबाळ आतल्या खोलीत गेली आणि तिने कडी लावली.

आज सबेशननी रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात पुन्हा ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधायची होती. भटजी घड्याळाकडे बघायला लागले. त्रिपुरा आतला निरोप घेऊन आली: जिची आठवण काढत फोटो रंगवला, तिच्याच गळ्यात बांधा म्हणावं. मुलगा पंजू कानाशी लागला, "अप्पा, यंत्राने घोळ केला म्हणून सांगून टाका." पण यंत्राला तोंड घालू दिलं नाही हे आख्ख्या मांडवाला सांगून झालं होतं. सबेशन स्वतःच दाराशी गेले. बऱ्याच विनवण्यांनंतर कडी निघाली.

"त्या कोकिलाचा चेहरासुद्धा आठवत नाही मला," सबेशन म्हणाले.

"साडी बरी आठवते."

"अगं, मला तांबडा नि हिरवा वेगळा दिसतच नाही. पहिल्यापासून."

मंगळांबाळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "मग मी आत्ता काय नेसलेय?"

सबेशननी साडीकडे पाहिलं, आणि सवयीने मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात मुरुगय्यन नव्हता. ते कोणाला शोधताहेत ते तिला कळलं.

"मुरुगय्यनला माहीत होतं?"

"हो."

"त्याला माहीत होतं, आणि मला नाही."

"तुझ्या वडिलांना कळलं असतं तर तुला दिली असती का माझ्या घरी?"

"नसती दिली," ती म्हणाली. "पण नंतर मला सांगायला काय झालं होतं? दर दिवाळीला मी आरशासमोर साड्या लावून लावून बघायचे. तुम्ही म्हणायचात, छान आहे."

"छानच असायचं," सबेशन म्हणाले. दुकानाची अब्रू राखायच्या नादात आपण घरात काय घालवलं, ते त्यांना तेव्हा कळलं, आणि फार वाईट वाटलं. आता त्याला काही इलाज नव्हता.

मंगळांबाळने चेहरा धुतला, कुंकू नीट केलं आणि ती बाहेर आली. "पोपटी मीच करायला सांगितलं होतं," तिने त्रिपुराला बजावलं. "अरक्कूचा कंटाळा आला होता मला." त्रिपुराचं तोंड बघण्यासारखं झालं.

ताली बांधायची वेळ झाली. नादस्वरम आणि तविल टिपेला पोचले, अक्षता पडल्या. सबेशन गाठ मारत असताना मंगळांबाळ त्यांच्या कानाशी झुकली आणि थेट मुरुगय्यनच्या सुरात म्हणाली, "अरक्कू. हिरवे काठ. अंगभर जरीचे मोर."

सबेशनची पाठ आपोआप ताठ झाली. वाजंत्री थांबायला आणि त्यांचा दुकानातला खडा आवाज मांडवभर घुमायला एकच गाठ पडली, "अरक्कू, हिरवे काठ, अंगभर जरीचे मोर!"

मांडव खो खो हसला. ऐंशी झाली तरी दुकान काही डोक्यातून जात नाही, असं जो तो म्हणू लागला. मंगळांबाळही हसली, मग तिने पदराने डोळे पुसले, आणि पुसता पुसता त्यांना हळूच पदराचाही रंग सांगितला. तो मात्र सबेशन मोठ्याने म्हणाले नाहीत.