एमॉसच्या पिंपांना दिलेली बातमी

माझ्याइतका दिलदार वैरी अख्ख्या नेदरकूम गावात शोधून सापडणार नाही!

माझे आजोबा आणि एमॉस पेडलचे आजोबा एका विहिरीवरून भांडले आणि गावात बिअरच्या दोन भट्ट्या झाल्या. दोन धुराडी. दोन पब. चर्चमध्ये दोन बाजूंचे दोन खोकले. यंदा सुगीच्या जत्रेत ज्याची बिअर चालेल तो तरणार, दुसरा कुलूप लावणार.

आणि जत्रा तोंडावर असताना, भर दुपारी, एमॉसच्या घराचे सगळे पडदे ओढलेले, घरात कुणी वारलं की ओढतात तसे!

"गेला बिचारा," मी म्हणालो.

"अहो, विचारून तरी या!" माझी बायको विनिफ्रेड.

"विचारायचं काय त्यात? पडदे दिसत नाहीत?"

आमच्याकडे रीतच आहे. भट्टीवाला गेला की त्याच्या पिंपांना वैऱ्याने जाऊन सांगायचं. घरच्यांचं रडणं पिंपांना पटत नाही. वैऱ्याने टोपी काढली की पटतं. न सांगितलं तर बिअर नासते.

गेलो. भट्टीत चिटपाखरू नाही. पिंपांत फेस फसफसतोय. टोपी काढली, फळीवर टकटक केली.

"बाबांनो, तुमचा मालक गेला."

फसफस थांबली.

(शपथेवर सांगतो.)

आधी जवळच्या पिंपात. मग शेजारच्या. मग त्याच्या शेजारच्या. बातमी कानोकान चालली होती. तेवढ्यात मागे पाऊल वाजलं.

"सायलस?"

एमॉस! हातात चीजचा तुकडा!

मी किंचाळलो. तो किंचाळला. पिंपं गप्प.

"तू मेलास ना!"

"कोण म्हणालं?"

"पडदे!"

"गाढवा, नवा गालिचा आणलाय! उन्हानं विटू नये म्हणून बायकोनं ओढलेत!" त्याची नजर माझ्या हातातल्या टोपीवर गेली. "तू... यांना सांगितलंस?"

त्याने पिंपाला कान लावला. "अरे, मी एमॉस!"

एक बुडबुडा नाही. कोपऱ्यातलं पिंप मात्र कुरकुरलं. अंग चोरल्यासारखं.

"भूत समजतायत मला," एमॉस पुटपुटला. "जत्रेला काय देऊ रे आता?"

मी दिलदार! म्हणालो, "माझ्या पिंपांना सांग, मी मेलो. फिट्टंफाट!"

तो आला. टोपी काढली. मी दाराआड उभा, डोळे मिटून.

"बाबांनो, सायलस गेला."

शांतता.

आणि मग फेस असा उसळला की झाकणं छताला लागली! आजोबांच्या काळापासून पिंपं इतकी खूश झाली नव्हती!

जत्रेत तीच बिअर गेली, दोघांच्या नावाने. लोक म्हणाले, यंदा चव काही औरच.

तेव्हापासून दोन्ही भट्ट्यांची बिअर एमॉस माझ्याच पिंपांत करतो. मी दाराबाहेर उभा असतो. आत जायचंच झालं तर चवड्यांवर, श्वास रोखून.

पिंपांना कळलं तर!