बसण्याचा हेतू कळवावा

मिरजगावजवळच्या एका गावात डेअरीसमोर सिमेंटचा बाक आहे. त्यावर रोज दुपारी चार वाजता सहादेव आणि बजरंग हे सत्तरीतले दोन गृहस्थ बसत. तीस वर्षांत या प्रकाराची कुठेही नोंद झालेली नव्हती.

ती गेल्या वर्षी झाली. गावचे शिष्टमंडळ अभ्यासदौऱ्यासाठी हिवरे बाजारला जाऊन आले. पाणी अडवायचे तर खोदावे लागते, हे तिथे समजल्यावर परतीच्या जीपमध्येच माणसे अडवायची ठरली. ग्रामसभेने 'सहेतुक गाव' ठराव केला: यापुढे कोणीही हेतूशिवाय जगू नये, सार्वजनिक जागी तर मुळीच नाही. हेतुपत्रक भरणे सर्वांना सक्तीचे झाले.

सहादेवला एवढेच हवे होते, की बाक सुटू नये आणि बाकावरचा बजरंगही. तो पंचायतीत गेला.

"कशासाठी बसता, नाना?" ग्रामसेवक सुहासने विचारले.

"उगंच."

"'उगंच'ला रकाना नाही."

"मग रिकामा सोड की."

"रिकामा सोडला तर तुम्ही मयत दिसता."

अर्ज 'दृष्टिकोन बदलून फेरसादर करावा' या शेऱ्यासह परत आला. त्यासाठी शाळेत तीन तासांचे शिबिर होते. अडचण ही अडचण नसून संधी असते, असे प्रशिक्षक सांगत असतानाच वीज गेली. सूचनेनुसार सर्वांनी अंधारात टाळ्या वाजवल्या.

शेवटी सहादेवच्या बायकोने, मालनबाईने, तोड सुचवली. "अवो, लिवा की, बजरंग भावजींचं ऐकाया बसतो म्हनून!"

सुहासला हे पसंत पडले. मात्र ऐकणाऱ्याला बोलणारा लागतो, म्हणून बजरंगनेही 'सहादेवला सांगणे' असा जोडहेतू दाखल करायचा होता.

"आपन कवा बोललोय रं?" बजरंग चक्रावला.

खरेच होते. तीस वर्षांत "आलास व्हय?" आणि "चल, जातो" यापलीकडे दोघांनी संभाषण केलेले नव्हते.

"आता बोलावं लागंल," सहादेव म्हणाला. "न्हाईतर बाक जातोय."

रोज संध्याकाळी कार्यपूर्ती अहवाल द्यायचा होता. पहिल्या दिवशी हवामान झाले, दुसऱ्या दिवशी गुडघे. तिसऱ्या दिवशी विषय संपले, पण रकाना उरला. म्हणून बजरंगने बांध काढला.

"तुझ्या बानं आमचा बांध दोन हात कोरला हुता."

"माझ्या बानं? आन् तुझा चुलता काय राखन करीत हुता व्हय रं?"

त्या दिवशी अहवालाला पुरवणी जोडावी लागली. चौथ्या दिवशी बजरंग आला नाही. सहादेव साडेपाचपर्यंत एकटाच बसला. सांगणारे कोणी नसल्याने हे बसणे निर्हेतुक ठरले आणि सुहासने त्याला सन्मानाने उठवले.

पुढच्या महिन्यात तपासणी समिती आली. बाक पूर्ण रिकामा आढळल्याने गावाला शंभरपैकी शंभर गुण मिळाले. सत्काराला दोघे मांडवाच्या दोन टोकांना बसले होते. उठून तिकडे जावे, असे सहादेवला वाटले. पण जाऊन म्हणायचे काय? तो कारण शोधत राहिला, तोवर आभारप्रदर्शन उरकले.

योजना आता इतरत्रही लागू होते आहे. वाचकांनी घाबरू नये. आपण शेवटचे कोणाकडे बिनकामाचे गेला होता, ते आठवून पाहावे. आठवत नसेल, तर आपला अर्ज मंजूर आहे.