हातात धरलेला पट्टा

एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला गाडी कशी चालवायची हे कोणी शिकवू नये, असं उस्तादांचं ठाम मत होतं, आणि ते दिवसातून दोनदा तरी घरात ऐकवलं जायचं. 'उस्ताद' हे नाव डेपोतल्या मेकॅनिकांनी ठेवलेलं. निवृत्तीनंतर डेपो सुटला, नाव सुटलं नाही. मुलगी-जावयाने दोघा म्हाताऱ्यांना परदेशी बोलावून घेतलं, तेव्हा ते नावही सामानाबरोबर आलं.

"चार रस्ते उलटे आहेत इथले, बाकी काय?" उस्ताद बायकोला म्हणाले. "आठवड्यात सरळ करतो."

पहिल्याच महिन्यात घरी दोन पत्रं आली. या देशात पोलीस दिसत नाही, त्याचं पत्र येतं. पहिलं पत्र हॉर्नबद्दल होतं. एका सायकलवाल्याला 'बाबा रे, मागे मी आहे' एवढंच प्रेमाने सांगायला उस्तादांनी हॉर्न वाजवला होता. त्या प्रेमाचे तीन गुण झाले. दुसरं पत्र चौकातल्या 'थांबा' पाटीबद्दल. पाटीपाशी उस्ताद थांबले नव्हते, थांबल्यासारखे झाले होते. त्याचे दोन.

"पाच गुण, आणि तेही महिन्याच्या आत," उस्ताद खुशीत म्हणाले. शाळेत त्यांना इतक्या झटपट कधीच गुण मिळाले नव्हते.

"बाबा, इथे गुण चुकांचे देतात," मुलगी म्हणाली. "नव्या माणसाचे आठ झाले की परवाना काढून घेतात. मग वर्गात बसायचं, परीक्षा द्यायची, आणि पास झालात तरच किल्ली."

उस्तादांचा चेहरा उतरला. तसं पाहिलं तर त्या घरात त्यांच्या अंगावर काम एकच होतं, गाडीचं. नातवाला आणायचं, भाजी आणायची, बायकोला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं. बाकी वेळ ते सोफ्यावर बसून भिंतीकडे बघत. किल्ली गेली असती तर उस्तादांचे उरले असते नुसते आजोबा.

तेव्हापासून ते सुधारले. रोज संध्याकाळी मुलगी नियमांचं पुस्तक वाचून अर्थ सांगायची आणि उस्ताद वहीत उतरवून घ्यायचे. 'रस्त्याच्या कडेला थांबावं लागल्यास' हा भाग तर त्यांनी तोंडपाठ केला. आयुष्यभर बस बंद पडली की झाडाची एक फांदी तोडून मागे टाकायची आणि चाकाखाली धोंडा लावायचा, एवढंच त्यांचं सुरक्षाशास्त्र होतं. इथे त्यावर साडेसहा पानं होती. उस्तादांना ती साडेसहा पानं फार आवडली. आता एकदा गाडी बंद पडायला हवी, असं त्यांना मनातून वाटू लागलं.

आणि तेवढ्यात विहीणबाई आल्या.

जावयाच्या आई तीन महिन्यांसाठी येणार होत्या. नेमका त्याच दिवशी जावई कामानिमित्त बाहेरगावी, आणि मुलीची ऑफिसात न टाळता येणारी मीटिंग. विमानतळावर कोणी जायचं हा प्रश्न निघायच्या आत उस्तादांनी किल्ली खिशात टाकली.

"सांभाळून आणा," बायको म्हणाली. "वाटेत काही झालं तर त्या वर्षभर बोलून दाखवतील."

"एकतीस वर्षांत एका प्रवाशाची तक्रार नाही," उस्ताद म्हणाले.

विहीणबाई दोन बॅगा, एक शाल आणि प्रवासाबद्दलच्या अकरा तक्रारी घेऊन बाहेर आल्या. उस्तादांनी बॅगा डिकीत ठेवल्या, विहीणबाईंना मागे बसवलं, पट्टा लावायला सांगितला आणि तो लावल्याचा 'टक' आवाज कानांनी ऐकून मगच गाडी सुरू केली.

महामार्गाला लागून पाच मिनिटं झाली असतील, गाडीत काहीतरी वाजू लागलं. पीं, पीं, पीं. उस्तादांनी समोर पाहिलं. एक लाल दिवा लागला होता. त्यावर कसलंसं चित्र होतं, पण चष्मा वरच्या खिशात आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. हात सोडला तर गुण.

"विहीणबाई, पट्टा आहे ना?" त्यांनी आरशात बघत विचारलं.

"हा काय," विहीणबाई म्हणाल्या. आरशात पट्टा त्यांच्या खांद्यावरून व्यवस्थित आडवा दिसत होता.

म्हणजे इंजिन. एकतीस वर्षांचा अनुभव म्हणाला, इंजिन नाहीतर ब्रेक. उस्ताद घाबरले; आणि खोटं कशाला बोला, जरासा आनंदही झाला. साडेसहा पानं एका झटक्यात डोळ्यांपुढे उघडली.

त्यांनी चारी दिवे लुकलुकते केले, गाडी अलगद कडेच्या पट्टीवर घेतली, इंजिन बंद केलं. रहदारीकडचं दार उघडायचं नाही म्हणून पलीकडच्या सीटवर सरकत गेले. त्यात कंबर दोनदा अडकली, पण नियम तो नियम. पिवळं चमकतं जाकीट अंगात घातलं. मग विहीणबाईंना खाली उतरवलं.

"आता या कठड्याच्या पलीकडे जायचं," उस्ताद म्हणाले.

"मी? या वयात उडी मारू?"

"पान एकाहत्तर, विहीणबाई. प्रवाशाने कठड्याच्या आत थांबू नये."

विहीणबाई उस्तादांच्या खांद्याचा आधार घेऊन, त्यांच्या सात पिढ्यांचा मनात उल्लेख करत, पलीकडे गेल्या आणि शाल गुंडाळून गवतावर बसल्या. उस्तादांनी लाल त्रिकोण उचलला आणि मागे शंभर पावलं मोजत गेले. त्रिकोण वाऱ्याने पडला. उभा केला, पुन्हा पडला. शेवटी जन्मभराच्या सवयीने दोन धोंडे शोधून त्याच्या बुडाशी लावले आणि चार पावलं मागे सरून आपलं काम बघितलं. देखणं झालं होतं. येणाऱ्या गाड्याही ते बघायला हळू होत होत्या, इतक्या की थोड्याच वेळात मागे कोसभर रांग लागली.

त्या रांगेच्या कडेने पोलिसांची गाडी आली. आतून एक तरुण पोलीसबाई उतरली. उस्तादांना तिथली भाषा येत होती ती भाजीच्या दुकानापुरती, म्हणून तिने फोन काढला आणि त्यात बोलली. फोन रेडिओवरच्या बातम्यांच्या आवाजात म्हणाला, "नमस्कार. आपल्या वाहनास काय दुःख आहे?"

"गाडी ओरडतेय," उस्ताद फोनला म्हणाले. "आत सारखं ओरडणं चाललंय, पण कुठून ते सापडत नाही."

फोनने ते तिच्या भाषेत सांगितलं. पोलीसबाई एक पाऊल मागे सरली. "आत कोण ओरडत आहे?" फोनने विचारलं. "कृपया डिकी उघडा."

डिकीत दोन बॅगा होत्या. पोलीसबाईने त्या बाजूला करून खाली वाकून पाहिलं. मग तिचं लक्ष कठड्यापलीकडे गवतात बसलेल्या, त्रासलेल्या चेहऱ्याच्या म्हाताऱ्या बाईकडे गेलं. ती उस्तादांना जागीच थांबायला खुणावून तिकडे गेली.

"माताजी," फोन म्हणाला, "आपण या पुरुषासोबत स्वेच्छेने आला आहात का?"

"स्वेच्छा कसली," विहीणबाई म्हणाल्या. "मुलगा बाहेरगावी गेलाय म्हणून यांच्याबरोबर यावं लागलं. आणि आल्यापासून नुसता छळ चाललाय. कठड्यावरून पलीकडे ढकललं मला."

फोनने इमानेइतबारे सगळं सांगितलं. पोलीसबाईने खांद्यावरच्या यंत्रात काहीतरी बोलून आणखी एक गाडी मागवली.

"हे आपले कोण?" फोनने विचारलं.

"व्याही."

फोनवरचं चक्र जरा वेळ फिरलं. "क्षमस्व. शब्द सापडला नाही. हे आपले पती आहेत का?"

"तोंड सांभाळून बोल," विहीणबाई फोनला म्हणाल्या.

आता मात्र उस्तादांना घाम फुटला. त्यांनी हात जोडले, मुलीचा नंबर दाखवला. भर मीटिंगमध्ये मुलीचा फोन वाजला. पोलिसांचा आवाज ऐकून ती आधी घाबरली, मग शांतपणे दहा मिनिटं बोलली. नवऱ्याची आई, बायकोचे वडील, या दोघांचं एकमेकांशी काहीतरी नातं असतं आणि आमच्याकडे त्याला नावही आहे, हे त्या पोलीसबाईला पटवताना मुलीचा घसा कोरडा पडला. दुसरी गाडी आली तशी परत गेली.

पोलीसबाईने मग स्वतः गाडीत बसून इंजिन सुरू केलं. आवाज नाही. थोडी पुढेमागे घेतली. आवाज नाही.

"आत्तापर्यंत वाजत होती," उस्ताद कळवळून म्हणाले. डॉक्टरसमोर पोराचा ताप उतरावा तसं झालं होतं.

पोलीसबाईने सगळ्यांना होते तसे बसायला सांगितलं आणि स्वतः उस्तादांच्या शेजारच्या सीटवर बसली. विहीणबाईंना पुन्हा कठड्यावरून आणलं, त्या मागे बसल्या, पट्टा खांद्यावरून घेतला. गाडी जराशी हलली आणि सुरू झालं. पीं, पीं, पीं. उस्तादांनी विजयी मुद्रेने पाहिलं. पोलीसबाईने मात्र मागे वळून विहीणबाईंच्या हाताकडे पाहिलं. पट्ट्याचं टोक त्यांनी मुठीत गच्च धरलं होतं.

"माताजी, पट्टा अडकवा," फोन म्हणाला.

"धरलाय की मी," विहीणबाई म्हणाल्या. "अडकवला की शाल चुरगळते. म्हणून काढला मघाशी. सोडला थोडाच आहे?"

पोलीसबाईने हात लांब करून पट्टा अडकवला. टक. त्यानंतर गाडीत जी शांतता पसरली, तिच्यापेक्षा ते पींपीं बरं होतं असं उस्तादांना वाटलं.

पोलीसबाई बाहेर उभी राहून यंत्रावर बराच वेळ टाइप करत होती. मग फोन म्हणाला, "महोदय, रस्त्याच्या कडेला इतकी परिपूर्ण व्यवस्था मी माझ्या सेवाकाळात पाहिली नाही. आपले अभिनंदन. हा आपला दंड. वाहन निर्दोष असताना महामार्गावर थांबल्याबद्दल तीन गुण."

"थांबलो नाही म्हणून दोन, आणि थांबलो म्हणून तीन?" उस्तादांनी विचारलं.

फोनने याचं भाषांतर केलंच नाही. त्याची बॅटरी संपली होती.

घरी येईपर्यंत विहीणबाई एक शब्द बोलल्या नाहीत. आल्यावर बोलल्या, ते जेवणाच्या वेळेपर्यंत पुरलं.

परवाना गेला. पुढच्या शनिवारी उस्ताद वर्गात बसले. मुलगी शेजारी बसून हळू आवाजात अर्थ सांगत होती. वर्गात वीस-बावीस दंडित मंडळी होती. शिकवणारा उत्साही होता. त्याने दिवे मंद केले आणि पडद्यावर पोलिसांच्या गाडीतून घेतलेलं एक चित्र लावलं. कडेला लावलेली गाडी, धोंडे लावलेला त्रिकोण, चमकतं जाकीट, कठड्यापलीकडे शाल पांघरलेली बाई.

उस्ताद सावरून बसले. "काय म्हणतोय?"

मुलगी हळूच म्हणाली, "कौतुक करतोय, बाबा. म्हणतोय, त्रिकोणाचं अंतर बघा, जाकीट बघा, प्रवासी कुठे आहे बघा. सगळं पुस्तकातल्यासारखं."

पुढचं ऐकायला उस्ताद बसलेले राहिलेच नाहीत. ते उठून उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि वर्गाकडे वळून त्यांच्या भाषेत, भाजीच्या दुकानात शिकलेल्या शब्दांत, म्हणाले, "हा मी. मी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. उस्तादांनी मान झुकवून त्या स्वीकारल्या. शिकवणारा गोंधळून हसला आणि त्याने वर्गाला एक प्रश्न विचारला.

"आता काय?" उस्तादांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"बाबा, खाली बसा."

"अगं, पण काय विचारतोय?"

"विचारतोय, या माणसाची चूक कोणती."

कोणी त्रिकोण म्हणालं, कोणी दिवे म्हणालं. कोणालाच सापडेना. शिकवणाऱ्याने मग तीनच शब्द उच्चारले आणि सगळा वर्ग एकदम हसला. मुलीने त्याचा अर्थ सांगितला नाही, आणि उस्तादांनी विचारला नाही.

वर्ग सुटल्यावर दोघं गाडीत येऊन बसली. किल्ली मुलीकडे होती. ती लगेच निघाली नाही.

"बाबा, एक सांगू? चित्रात चेहरे पुसट केले होते. तुम्ही उठला नसता, तर कोणाला कळलंही नसतं."

"माहीत होतं मला," उस्ताद म्हणाले आणि खिडकीबाहेर निरखून बघू लागले. गाडी अजून पार्किंगमध्येच उभी होती आणि खिडकीबाहेर नुसती भिंत होती.