मालकीणबाईंचा सुपरवायझर

'रजनी एंटरप्रायझेस'च्या मालकीणबाईंनी फर्मचं ऑफिस पहिल्यांदा पाहिलं ते फर्म निघाल्यावर चौथ्या वर्षी, आणि तेही नवऱ्याने मोटरसायकलवर बसवून नेलं म्हणून. ऑफिस काही काशीला नव्हतं. सौंसरच्या बसस्टँडमागेच होतं, घरून पायी जाण्यासारखं. पण रजनीबाईंचं तिथे काम काय? सही लागली की गुणवंतराव कागद घरी आणत, आणि बाई कणकेचे हात पुसून सही ठोकून देत.

त्याचं असं झालं होतं. मोबाईल कंपनीने केबल दुरुस्तीची काही कामं बायकांच्या, आदिवासींच्या, दलितांच्या फर्मसाठी राखून ठेवली होती. आता आपल्याकडे सरपंचबाई निवडून आली की सरपंचपती आपोआप कामाला लागतो, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. गुणवंतरावांनाही वाटलं नाही. त्यांनी बायकोच्या नावाची पाटी रंगवली आणि रामाकोना ते लोधीखेडा हा सगळा पट्टा मिळवला. पण यंदा कंपनीला कोणीतरी अक्कल शिकवली. मालकीण स्वतः फर्म चालवते का, हे छिंदवाड्याहून मॅडम येऊन पाहणार, आणि मगच काम पुढे मिळणार, असा निरोप आला.

"तू फक्त खुर्चीवर बसजो अन् हाव-हाव म्हणजो," गुणवंतरावांनी बजावलं. "मी नवरा हाओ, हे सांगू नको. मी सुपरवायझर."

"अन् काम गेलं त?"

"गेलं त मी नागपूरले कोणाच्या हाताखाली काम पाहीन. तू राह्यशीन घरी."

रजनीबाईंना आपलं घर डोळ्यांपुढे आलं. घरी म्हणजे त्या घरी! लेक भाग्यश्री लग्न होऊन रायपूरला गेलेली, मुलगा अंकुर पुण्यात. गुणवंतराव जेवायला येत तेही फोन कानाला लावून. दिवसभर घरात काय तो फ्रिज बोले, आणि तोही मधूनच गप्प व्हायचा. आता संध्याकाळचं माणूसही नागपूरला गेलं तर भिंतींशी बोलायचं का?

म्हणून त्या नेसल्या लग्नाकार्यातली साडी आणि बसल्या खुर्चीवर. आणि काय सांगावं, त्यांना ती खुर्ची आवडली! दहा मिनिटांत पानवाला येऊन पाणी मागून गेला, एका म्हाताऱ्याने बसची वेळ विचारली, एका बाईने नेट बंद असल्याची तक्रार केली आणि मग सुनेचीही केली. रजनीबाईंनी दोन्ही तक्रारी मन लावून ऐकल्या. इतकं बोलणं त्यांच्या कानावर दिवाळीनंतर पहिल्यांदाच पडत होतं.

छिंदवाड्याच्या धनश्री मॅडम आल्या त्या एकट्याच, खांद्याला बॅग लावून. वयाने भाग्यश्रीएवढ्या. दाराशी उभ्या असलेल्या गुणवंतरावांकडे त्यांनी पाहिलं.

"हे कोण?"

"सुपरवायझर," रजनीबाई म्हणाल्या. इथवर सगळं ठीक होतं.

"चहा सांगता का त्यांना?"

"अहो," रजनीबाई वळून म्हणाल्या, "दोन चहा सांगता का? अन् तुमी नका घेऊ, सकाळपासून पित्त खवळलं तुमचं."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. "सुपरवायझरला अहो म्हणता?"

"आमच्या इकडे कामाच्या माणसाले मान देतात, मॅडम."

"छान. आणि पित्तसुद्धा लक्षात ठेवता!"

गुणवंतराव चहा सांगून आले. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "खांबावर चढताना तुमची माणसं पट्टा लावतात का, ते बघायचंय. कुणाला तरी चढवा."

आता आली का पंचाईत! लाइनमन दादाजी पुतण्याच्या लग्नाला रामाकोन्याला गेलेला. ऑफिसात चढण्याजोगा माणूस एकच, आणि तो आयुष्यात स्वतःच्या माळ्यावरही चढला नव्हता. पण सुपरवायझर म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? गुणवंतरावांनी पट्टा बांधला, तो पोटावर कसाबसा पुरला. समोरच्या खांबाला शिडी लावली, देवाचं नाव घेतलं आणि चढले. अर्ध्या शिडीवर पोचले, खाली पाहिलं, आणि खांबाला मिठी मारून डोळे गच्च मिटले.

"उतरा आता," मॅडम म्हणाल्या.

गुणवंतराव हलेनात.

"अहो!" रजनीबाईंनी हाक मारली. पानवाल्याने वळून पाहिलं, सायकलवाल्याने पाहिलं, रस्त्यावरच्या समस्त नवऱ्यांनी पाहिलं. ज्याने पाहायचं तो मात्र खांबाला चिकटलेला.

"असं नाही, बाई. घाबरलेल्या माणसाला नावाने हाक मारा. नाव काय त्यांचं?"

"त्यायचं नाव... हे... आमचे हे..."

"अहो, पडतील ते! नाव घ्या!"

रजनीबाईंनी लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव साधं असं कधी घेतलंच नव्हतं. घेतलं ते मंगळागौरीला, बारशाला, बायका अडवून बसल्या की, आणि तेही उखाण्यातच. तोंडाला जे वळण लागलं ते लागलं. शिडी हलली, आणि भर बसस्टँडमागे बाईंनी खणखणीत आवाज लावला,

"संत्र्याच्या बागेले विहिरीचं पाणी..."

जीभ पुढे धावली तेव्हा आपण काय करून राहिलो हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी सावरायचा प्रयत्न केला,

"...गुणवंतराव माझे सुपरवायझर, अन् मी फर्मची राणी!"

रस्त्याने टाळ्या वाजवल्या. पानवाला तर "वा वहिनी!" म्हणून मोकळा झाला. गुणवंतरावांनी डोळे उघडले, आणि निव्वळ लाजेने भराभर खाली उतरले.

आत येईपर्यंत चहा आला होता; मॅडमनी कप उचलला.

"नवरा आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"हाव," रजनीबाई म्हणाल्या. गुणवंतराव काही बोलायला गेले, पण बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. "खोटं बोललो आमी. फर्म हेच चालवतात. मले केबलातलं काही कळत नाही. पण मॅडम, आज सकाळपासून माणसं माझ्याशी बोलून राहिली. घरी मले दिवस दिवस कोणी बोलत नाही वं! तुमी काम काढून घ्या, पण मले इथं येऊ द्या."

गुणवंतराव बायकोकडे पाहतच राहिले. असलं काही त्यांना ठाऊकच नव्हतं.

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "काम मालकिणीला आहे, मालकिणीच्या नवऱ्याला नाही. तुम्ही रोज इथे बसणार, तक्रारी ऐकणार, काम शिकणार. मी कधीही फोन करीन, तो तुम्हीच उचलायचा. जमेल तर काम सहा महिने देते, मग बघू."

"जमते, जमते!" गुणवंतराव घाईने म्हणाले.

रजनीबाईंना मात्र वेगळीच काळजी लागली होती. "अन् मॅडम, रविवारी?"

"रविवारी सुट्टी."

"पुरा दिवस?"

मॅडम बॅग उचलून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "रविवारी मी छिंदवाड्याच्या खोलीवर एकटीच असते," त्या जराशा संकोचाने म्हणाल्या. "फोन करत जा."

गुणवंतरावांना धसका बसला. मॅडम नजरेआड होताच ते कुजबुजले, "आता रविवारी फोन लावून काम कोणतं सांगशीन वं तिले?"

"काम कायले पाहिजे?" रजनीबाई म्हणाल्या. "बोलाले काम लागते का कुठं?"