पहिल्या बाकावरचे पाळक

शनिवारी सकाळी पाळकांनी चहा मागायला तोंड उघडलं आणि तोंडातून नुसती हवा बाहेर आली. त्यांनी खाकरून पुन्हा प्रयत्न केला. या वेळी हवेबरोबर गंजलेल्या बिजागरीसारखा एक बारीक आवाज निघाला आणि तोही वाटेतच बसला.

"काय म्हणताय?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

पाळक उठून दारात गेले आणि घशावर बोट ठेवून उभे राहिले.

"गेला ना शेवटी? मी म्हणतच होते," ती म्हणाली आणि तिने पाणी गरम करायला ठेवलं.

आवाज नेला होता सातवी ब या वर्गाने. महिन्यापूर्वी जवळच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाई अचानक सोडून गेल्या आणि मुख्याध्यापिका पाळकांकडे विचारायला आल्या. पाळकांना शिकवण्याची जुनी हौस होती. शिवाय इतकी वर्षं रविवारी चाळीस माणसं आपलं मुकाट्याने ऐकून घेतात, तेव्हा चाळीस मुलांचं काय मोठंसं, असा त्यांचा हिशोब होता. "शाळा आणि चर्च, दोन्ही आरामात जमेल," असं त्यांनी बायकोला सांगितलं. "जमेल की," ती म्हणाली होती, पण ज्या स्वरात म्हणाली होती तो पाळकांनी ऐकायला हवा होता.

दोन्ही जमवताना त्यांची पार तारांबळ उडाली. बुधवारच्या शास्त्राभ्यासात त्यांनी मंडळीला उत्तर येत असेल तर हात वर करायला सांगितलं आणि शाळेत तास संपल्यावर मुलांना आशीर्वाद देऊन घरी पाठवलं, तेव्हा अजून तीन तास शिल्लक होते. एका आजारी आजोबांना भेटायला गेले असता त्यांच्यासाठी प्रार्थना करता करता पाळकांनाच झोप लागली. आजोबांनी अंथरुणातून उठून त्यांच्या अंगावर आपली चादर घातली आणि सगळ्या घराला हळू बोलायला सांगितलं. एवढं करून सातवी ब शांत बसत नव्हती ती नव्हतीच. तिच्यावर ओरडता ओरडता शुक्रवारी आवाज चिरका झाला आणि शनिवारी गेला.

प्रश्न रविवारच्या प्रवचनाचा होता. पाळकांनी ते लिहून ठेवलं होतं. त्यांनी पाटीवर बायकोला लिहून विचारलं, "तू वाचशील?"

"वाचीन," ती म्हणाली. तिने इतक्या पटकन होकार दिला की पाळकांना जरा नवल वाटलं.

रविवारी पाळक आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले, बायकोची पर्स मांडीवर घेऊन. ती वर गेली. तिने कागद उघडला, पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं, आणि मग कागद बाजूला ठेवला.

"हे यांनी फार चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. "तुम्हाला हवं असेल तर घरी येऊन वाचा. मी आपलं साधं सांगते."

आणि तिने साधं सांगितलं. शेजाऱ्यावर प्रेम करा हे म्हणायला किती सोपं आहे, पण आपल्या शेजारची बाई भिंतीवरून डोकावून आपल्या वाळत घातलेल्या कपड्यांना नावं ठेवते तेव्हा नेमकं कुठून आणायचं ते प्रेम, असं काहीतरी. लोक हसले. पाळकांनी दचकून मागे पाहिलं. त्यांच्या प्रवचनात लोक यापूर्वी एकदाच हसले होते, ते माईकवर चिमणी बसली तेव्हा. मंडळीतले सर्वांत वडीलधारे, निवृत्त कंपाउंडर, जे पहिल्या गीतानंतर डोळे मिटत आणि शेवटच्या गीताला उघडत, ते चक्क पुढे वाकून ऐकत होते. बायकोचं कौतुक वाटायला हवं, हे त्यांना समजत होतं. वाटतही होतं थोडंसं. पण त्या थोड्याशा कौतुकाच्या वर जळफळाटाचा असा जाड थर होता की खालचं काही दिसेना.

दारात निरोप घेताना कंपाउंडरांनी त्यांचा हात हातात धरला. "साहेब, घसा जपा. अजिबात घाई करू नका."

मागून येणाऱ्या ऑर्गनवाल्या मावशी म्हणाल्या, "हो ना. घसा एकदा बिघडला की महिनाभर तरी विश्रांती लागते. माझ्या दिराला दोन महिने लागले होते."

पाळक हसले. फुकट औषध सुचवणारी माणसं त्यांना नेहमी आवडत. आज आवडली नाहीत.

सोमवारी शाळेत जाणं भाग होतं. पाळकांनी फळ्यावर लिहिलं, "माझा आवाज गेला आहे," आणि गोंधळाची वाट पाहत उभे राहिले. गोंधळ झालाच नाही. ओरडणारे सर ओरडू शकत नाहीत म्हटल्यावर मुलांना ओरडून घेण्यात मजा उरली नाही. शिवाय सर पुढे काय लिहिणार, याची उत्सुकता. पाळक फळ्यावर अर्धं वाक्य लिहीत आणि थांबत. मुलं उरलेलं अर्धं ओळखत. "राजा रात्रीच पळाला, कारण" एवढं लिहून त्यांनी खडू खाली ठेवला की सातवी ब श्वास रोखून बसे. बुधवारी मुख्याध्यापिका व्हरांड्यातून जाताना थबकल्या. वर्ग रिकामा आहे असं समजून त्या कुलूप लावायला आल्या होत्या.

गुरुवारी सकाळी, बायको बाजारात गेलेली असताना, आवाज परत आला. पाळकांनी दाराच्या चौकटीवर पायाचं बोट आपटलं आणि त्यांच्या तोंडून "आई गं" असं खणखणीत निघालं. दुखणं विसरून त्यांनी देवाचे आभार मानले. आता रविवार आपला, हा विचार त्या आभारांच्या आधीच आला होता.

शाळेत पोचताच मुख्याध्यापिकांनी त्यांना खोलीत बोलावलं. "मंगळवारी तपासणीला अधिकारी येताहेत. मी त्यांना तुमचाच वर्ग दाखवणार आहे. इतकी शांत सातवी मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. तुमचा आवाज तोवर येणार नाही ना? म्हणजे, यावा, पण घाई नको."

पाळकांनी खरं सांगायला तोंड उघडलं. समोर मुख्याध्यापिका आशेने पाहत होत्या. पाळकांनी तोंड मिटलं आणि मान डोलावली. आपण खोटं बोललो नाही, कारण आपण बोललोच नाही, अशी त्यांनी वर्गाकडे जाताना स्वतःची समजूत घातली. ही समजूत जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत टिकली.

कारण जिन्यात त्यांच्या लक्षात आलं की सातवी ब मध्ये ऑर्गनवाल्या मावशींची भाची आहे आणि ती दर रविवारी चर्चमध्ये असते. रविवारी आपण प्रवचन केलं, तर सोमवारी पहिल्या तासाच्या आत सगळ्या शाळेला कळणार. म्हणजे मंगळवारचा वर्ग हवा असेल, तर रविवार सोडायला हवा. आणि रविवार सोडायचा म्हणजे तो बायकोला द्यायचा.

संध्याकाळी ती टेबलाशी शास्त्र उघडून बसली होती आणि गुणगुणत होती. लग्नानंतर इतकी आनंदात तिला त्यांनी क्वचितच पाहिलं होतं, आणि त्याला कारण आपण नाही हे त्यांना आणखी झोंबलं.

"घसा कसा आहे?" तिने विचारलं. मावशी बाजूलाच गीतांची निवड करत बसल्या होत्या. पाळकांनी घशावर हात ठेवून दुःखी चेहरा केला.

"मग या रविवारीही मीच," ती म्हणाली. "मावशी सांगत होत्या, पलीकडच्या चर्चमधली काही माणसं येणार आहेत म्हणे."

पाळकांच्या अंगाची लाही झाली. पलीकडच्या चर्चमधली माणसं त्यांच्यासाठी कधी रस्ता ओलांडून आली नव्हती. त्यांनी पाटी ओढली आणि त्या क्षणी त्यांना एक गोष्ट सुचली, जी पाळकाला सुचू नये. त्यांनी लिहिलं, "या रविवारचा भाग: वंशावळ. पूर्ण." शास्त्रातली ती वंशावळ म्हणजे अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, अशी पानभर नावं. त्या भागावर प्रवचन करताना त्यांना स्वतःलाच एकदा जांभई आली होती.

तिने पाटी वाचली आणि त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाली.

रविवारी चर्च भरलं होतं. मागे जादा खुर्च्या मांडाव्या लागल्या. पाळक पर्स घेऊन पहिल्या बाकावर बसले, आणि आज तरी कंपाउंडरांना झोप लागू दे, असं काहीसं त्यांच्या मनात येऊन गेलं. ती प्रार्थना होती असं ते कधीच कबूल करणार नाहीत.

तिने वंशावळ वाचली. सगळी, न अडखळता. मग चष्मा काढला.

"हे ऐकताना तुम्हाला कंटाळा आला असेल," ती म्हणाली. "मलाही येतो. पण काल भांडी घासताना मला वाटलं, ही इतकी नावं आहेत, आणि यातल्या प्रत्येकाला रात्री उठून कोणीतरी पाणी दिलं असेल. याला गोवर आला असेल. हा कधी नीट जेवत नसेल. जरुब्बाबेल एवढं मोठं नाव, पण त्याची आई त्याला दारातून हाक मारताना काय म्हणत असेल? जरू?"

हशा पिकला. पाळकांनी ओठ दाबून धरले.

"या यादीत आयांची नावं चार-पाचच आहेत," ती पुढे म्हणाली. "बाकीच्यांची कोणी लिहिली नाहीत. आपल्या आयांची तरी कुठे कोण लिहिणार आहे? म्हणून आज एक करू. आपण सगळ्यांनी आपापल्या आईचं नाव मोठ्याने घेऊ. एकदाच."

मग मागून एका म्हातारीचा कापरा आवाज आला. मग कंपाउंडरांचा. मग एकदम सगळीकडून नावं यायला लागली, जुनी, आता कोणी न ठेवणारी, काही लाडाची, काही अर्धवट. मावशी ऑर्गनवर कपाळ टेकून रडत होत्या. पाळकांची आई जाऊन बारा वर्षं झाली होती. तिला अक्षरओळख नव्हती, तरी मुलगा प्रवचन करायचा तेव्हा ती पुस्तक उघडून मांडीवर घेऊन बसायची, आणि ते उलटं धरलेलं असायचं. पाळकांनी आईचं नाव घेतलं.

ते भरदार आवाजात घेतलं. सातवी ब वर महिनाभर ओरडून पक्का झालेला तो आवाज नेमका बाकीचे थांबले तेव्हा निघाला आणि छपराला लागून परत आला.

"साहेबांचा आवाज आला," मावशी डोळे पुसत म्हणाल्या.

"बाईंच्या प्रवचनाने आला," कंपाउंडर उठून उभे राहिले. "डोळ्यांदेखत आला. देवाची स्तुती असो."

पलीकडच्या चर्चमधली माणसं उठून पाहू लागली. कोणी टाळ्या वाजवल्या. एक बाई आपल्या ऐकू न येणाऱ्या सासूला हाताला धरून पुढे आणायला निघालीसुद्धा. पाळक बाकावर गोठून बसले. आता बायको नुसती चांगली वक्ता राहिली नव्हती, तिच्या हातून चमत्कारही व्हायला लागले होते. गप्प बसलं तर ही सासू आधी, आणि मग सगळ्या गावाचे कान, नाक, घसे. त्यांनी पर्स बाकावर ठेवली आणि उभे राहिले.

"चमत्कार वगैरे काही नाही," ते म्हणाले. "माझा आवाज गुरुवारीच आला होता. मी लपवला. शाळेत मी गप्प असलो की वर्ग चांगला चालतो, आणि मंगळवारी तपासणी आहे, म्हणून. आणि ही वंशावळ मी हिला दिली, कारण..." ते थांबले. एवढ्या लोकांसमोर हे वाक्य पुरं करणं कठीण होतं. "कारण मागच्या रविवारी तुम्ही सगळे जागे होता. मला हेवा वाटला. यातलं काहीच पाळकाला शोभणारं नाही. मला क्षमा करा."

मग कंपाउंडर म्हणाले, "साहेब, हे तुमचं प्रवचन आम्हाला पहिल्यांदा नीट कळलं," आणि बसले. त्यावर सगळ्यात आधी पाळक स्वतःच हसले.

तेवढ्यात मागच्या जादा खुर्च्यांपैकी एका खुर्चीवरून मुख्याध्यापिका उठल्या. मावशींच्या भाचीने पाळकीणबाईंची इतकी तारीफ केली होती की त्या मुद्दाम ऐकायला आल्या होत्या. नोकरी एका महिन्यात गेली, हे पाळकांनी गृहीत धरून टाकलं.

"मंगळवारी बोलून शिकवा," त्या जवळ येऊन म्हणाल्या. "जे आहे ते दाखवू. फक्त कमी बोला. तुम्हाला ते जमतं, हे मी पाहिलंय." आणि पाळकांना ओलांडून त्या बायकोकडे गेल्या. "बाई, पालकसभेत एकदा बोलायला याल? मुलांपेक्षा पालकांना गप्प बसवणं अवघड आहे."

"येईन," ती म्हणाली. पुन्हा इतकीच पटकन.

बायकोची पर्स धरून घरी जाताना पाळक म्हणाले, "तू रागावली असशील."

"कशाबद्दल?"

"तुझ्यापासून लपवलं म्हणून."

"कुठे लपवलंत? शुक्रवारी मागच्या खोलीत दार लावून प्रार्थना करत होतात. 'हिच्या प्रवचनाचा मला हेवा वाटतो, तो काढून घे.' मी बाहेर कपड्यांच्या घड्या करत होते."

पाळक रस्त्यातच थांबले. त्यांचे कान लाल झाले. "तुला शुक्रवारपासून माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर रविवार तुम्हाला द्यावा लागला असता," ती म्हणाली.

तिने त्यांच्या हातातली पर्स काढून घेतली आणि चालायला लागली.

"तुम्हाला दोन रविवार सोसले नाहीत," ती पुढे पाहत म्हणाली. "मी त्या बाकावर अठरा वर्षं बसून तुमच्यावर जळतेय."